कल्पनेमुळे वेगळं जगलेल्या स्त्रीबद्दल लिहायचंय?

एका लेखात एकच स्त्री घ्या. पाचजणी कोंबल्या की प्रत्येकीच्या वाट्याला जन्म, लग्न आणि मृत्यू एवढंच उरतं.

आधी तिची कल्पना एका वाक्यात उतरवा, डोळ्यांपुढे उभी राहील अशी. 'काळाच्या पुढची' म्हटलं की काहीच दिसत नाही. सतराव्या शतकातली जर्मन निसर्गचित्रकार मारिया सिबिला मेरियन हिचं वाक्य असं होईल: अंडं, सुरवंट, कोश, फुलपाखरू आणि ते ज्यावर जगतं ते झाड, सगळं एकाच चित्रात दाखवायचं.

मग कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे या कल्पनेच्या सालवार खुणा: तेराव्या वर्षी पाळलेले रेशीमकिडे, १६७९ चं सुरवंटांवरचं पुस्तक, १७०५ चं, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या कीटकांवरचं, ६० चित्रांचं. उजवीकडे त्यापायी घेतलेले निर्णय. नवऱ्यापासून वेगळी झालेली ही बाई १६९९ मध्ये, ५२ व्या वर्षी, स्वतःची चित्रं विकून धाकट्या मुलीसोबत सुरिनामला निघते आणि आजारी पडून १७०१ मध्ये परतते. खरा लेख उजव्या रकान्यात असतो. तो रिकामाच राहिला, तर दुसरी स्त्री निवडा.

तिला मदत करणाऱ्यांना गाळू नका. सुरिनाममधली बरीच माहिती मेरियनला गुलाम स्त्रियांकडून मिळाली, आणि तसं तिनेच लिहून ठेवलंय.

आवृत्ती जरूर तपासा. सुरिनामच्या पुस्तकाच्या १७१९ च्या आवृत्तीत १२ चित्रं वाढली, पण मेरियन १७१७ मध्येच वारली होती. म्हणून तिच्याबद्दलचं विधान १७०५ च्या आवृत्तीवरूनच करा. उलट, विचित्र दिसतं म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरवायचीही घाई नको. तिच्या १८ व्या चित्रातला कोळी हमिंगबर्ड खातो. एकोणिसाव्या शतकात लोकांनी ती थाप मानली. पुढे ॲमेझॉनच्या जंगलात इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्सने कोळ्याच्या तावडीत सापडलेले पक्षी पाहिले, १८६३ मध्ये ते छापलं, आणि टीकाकारांची बोलती बंद झाली.

नावं बदलतात, तेव्हा शोधताना सगळी वापरा. इंग्रज गणिती एडा लवलेस जन्माने बायरन, लग्नानंतर किंग, १८३८ पासून लवलेसची काउंटेस. चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्रावरच्या तिच्या १८४३ च्या टिपणांखाली मात्र फक्त ए. ए. एल. ही आद्याक्षरं.

एडाच्या बाबतीत आणखी एक मोह आवरा. बाराव्या वर्षी तिने उडण्याचं यंत्र योजलं होतं, म्हणून १८४३ ची टिपणं थेट त्यातूनच आली असं लिहू नका. मधली पंधरा वर्षं आणि गणिताचा अभ्यास दाखवा.