भजनी मंडळाच्या ताईंचं प्रशिक्षण: ऐकायचं कसं, पाठवायचं कुठं

मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याआधी गाठते ती भजनी मंडळाच्या ताईला, विहारातल्या उपासिकेला, नाहीतर मुलींना कुराण शिकवणाऱ्या आपांना. म्हणून शिबिर यांचंच घ्यायचं. वीसजणी, दोन दिवस, 11 ते 4. दसऱ्यानंतर बीड-धाराशिवकडची कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात, त्याआधीच उरका. महालक्ष्म्यांचे तीन दिवस आणि बाजाराचा वार सोडा. जागा रविवारी रिकामी असणारी शाळा. पारावर किंवा देवळात कान टवकारलेले असतात.

पहिल्या दिवशी कायदा काढूच नका. तिघींचे गट करा: एक सांगणार, एक ऐकणार, तिसरी बोटांवर सल्ले मोजणार. दहा मिनिटं. दोन मिनिटांतच "जरा दमानं घे", "लेकरांकडं बघ" सुरू होतं. ही सवय मोडायलाच अर्धा दिवस जातो, जाऊ द्या. त्याऐवजी "सांगितलंस ते बरं केलंस, चूक तुझी नाही," एवढंच. मग विचारायचं: आज घरी जायची भीती वाटते का? कधी गळा दाबला? दाबला असेल तर वळ दिसो न दिसो, जिवाला धोका समजा, दवाखाना आधी.

दुसऱ्या दिवशी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथं राहायचा हक्क आहे. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तिच्यावरच्या हिंसेची नोंद, म्हणजे घरगुती घटना अहवाल, भरून देतात. जिल्ह्याला अशा बायकांना मदत करणारं सरकारी सखी केंद्र असतं, फुकट वकिलासाठी 15100. जीव धोक्यात असेल तर 112, एरवी महिला हेल्पलाइन 181. नंबर पाठ करून घ्या. चिठ्ठी दिली की नवऱ्याच्या हाती लागते. फोनही ताईच्याच मोबाइलवरून, त्या बाईच्या कॉल यादीत उरायला नको.

काम बिघडतं ते चांगुलपणानं. ताई नवऱ्याला समजावायला बोलावते, बायकोनं तोंड उघडल्याचं त्याला कळतं आणि रात्री दुप्पट मार. बैठक नाहीच. कीर्तनात नाव न घेता दाखलाही नको. दोनशे उंबऱ्यांच्या गावात नाव लागत नाही.

मुलगी अठराच्या आतली आणि लैंगिक अत्याचार असेल तर "कुणाला सांगणार नाही" असा शब्द द्यायचा नाही. पोलिसांना कळवणं पॉक्सोनं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं, बंधनकारक आहे. तिनं बोलायच्या आधीच हे सांगा.

पुढं महिन्यातून तासभर बसा. वहीत तारीख आणि कुठं पाठवलं एवढंच. नाव नाही, गल्ली नाही.