पदवीचा विद्यार्थी संशोधनाला घेताय? आधी पैशांचं बोला

मी जीवरसायनशास्त्र शिकवते आणि पदवीची एक-दोन मुलं नेहमी माझ्या प्रयोगशाळेत काम करत असतात. घरची परिस्थिती बेताची असलेला विद्यार्थी तुमच्याकडे यावा आणि टिकावा असं वाटत असेल, तर पहिल्याच भेटीत मानधनाचा विषय काढा. शिकवण्या घेऊन फी भरणाऱ्या मुलाला फुकटचा ‘अनुभव’ परवडत नाही. तो नम्रपणे “बघतो मॅडम” म्हणतो आणि पुन्हा फिरकत नाही. आणि आपण खुशाल म्हणतो, आवडच नव्हती त्याला.

तासाचा दर आणि पैसे मिळण्याची तारीख लेखी द्या. मानधन उत्पन्नात धरलं जाऊन त्याची शिष्यवृत्ती किंवा फीमाफी धोक्यात येणार नाही ना, हे संबंधित कार्यालयात तुम्ही स्वतः विचारा. त्याला खेटे घालायला लावू नका. निधीच नसेल तर संशोधन अभ्यासक्रमाच्या तासांत बसवा. अमेरिकेत २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘सी-फेजेस’ उपक्रमात पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं मातीतून जिवाणूंना मारणारे विषाणू वेगळे करतात आणि त्यांच्या जनुकसंचाचा अभ्यास करतात, तेही वेळापत्रकातल्या प्रात्यक्षिकांत. त्यासाठी कुणाला नोकरीचा तास बुडवावा लागत नाही.

जागा आहे हे भर वर्गात सांगा. ज्याच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्याला प्राध्यापकांना असं विचारता येतं हेच माहीत नसतं. निवडताना ‘पूर्वीचा अनुभव’ हा रकाना खोडून टाका. तो अनुभव बहुधा घरच्या पैशांवर आधीच विकत घेतलेला असतो.

पहिलं काम मी पाण्याचं देते. मायक्रोपिपेटने (थेंबाथेंबाइतका द्रव मोजून घ्यायच्या उपकरणाने) १०० मायक्रोलिटर पाणी घ्यायचं, तराजूवर सोडायचं, वजन लिहायचं. असं दहा वेळा. २० अंश सेल्सिअसला ते ९९.८ मिलिग्रॅमच्या आसपास भरायला हवं. सगळी वजनं सारखीच कमी आली, तर पिपेटचं मापन किंवा वापरायची पद्धत चुकते आहे. वजनं विखुरलेली आली, तर हात अजून बसलेला नाही. पिपेटच्या दट्ट्यावरचा अंगठा झटकन सोडला की टोकाला लावलेल्या टिपमध्ये हवा शिरते. तराजूवरचं पाणी उडत असतं, म्हणून आकडा बघता बघता उतरतो, तेव्हा किती वेळाने नोंद घ्यायची हे आधी ठरवावं लागतं. सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप), वहीतली नोंद, सगळं यातच शिकवून होतं. मुख्य म्हणजे पाणी फुकट. महागडं रसायन वाया जाईल या धास्तीने हात थरथरणाऱ्या मुलाला हे फार लागतं. (पीएचडीची मुलं हसतात. मी त्यांनाही करायला लावते.)

खरा प्रकल्प त्याच्या घड्याळाकडे बघून निवडा. रात्री दोनला नमुना काढावा लागेल असा प्रयोग शेवटची बस चुकवता न येणाऱ्याला देऊ नका. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांचं मोजमाप ‘इमेजजे’वर होतं, आकडेमोड ‘आर’वर, आणि ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. पण घरी लॅपटॉप आहे असं गृहीत धरू नका; प्रयोगशाळेतला एक संगणक त्याच्या वेळेला मोकळा ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी द्या आणि ती मागायला लावू नका.

आठवड्यातून एकदा अर्धा तास बसा. “काय बिघडलं?” हे आधी विचारा, म्हणजे बिघडलेलं लपवलं जात नाही. रोजच्या बारीकसारीक शंकांसाठी एखादा पीएचडीचा विद्यार्थी नेमून द्या. तुम्हाला विचारायला तो बिचकणारच.

परिषदेला पाठवताना “आधी भरा, नंतर परत मिळतील” हे वाक्य वर्ज्य. नोंदणी आणि तिकीट थेट संस्थेच्या खात्यातून काढा, जेवणखाणाचे पैसे हातात आगाऊ द्या. शोधनिबंधात त्याचं नाव कोणत्या कामाच्या आधारावर येईल हे सुरुवातीलाच बोलून घ्या. शोधनिबंधात कुणी काय केलं हे सांगायच्या ‘क्रेडिट’ या वर्गीकरणात योगदानाचे १४ प्रकार आहेत, त्यातले कोणते त्याच्या वाट्याला येतील ते लिहून ठेवा.

शिफारसपत्राची टिपणं मात्र दर महिन्याला काढा: कोणता प्रयोग त्याने स्वतः सुधारला, कोणती शंका बरोबर निघाली. पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरायची वेळ आली की अर्जशुल्कात सवलत आहे का हेही तुम्हीच शोधा, आणि ती मुदतीच्या बरीच आधी मागा.