गाठ दिसली, पण ती हार्मोन बनवते का?

दर वर्षी नवी पोरं आमच्या लॅबमध्ये आली की विचारतातच, "ताई, रॅटच्या गळ्यात, थायरॉइड ग्रंथीला एवढी मोठी गाठ, म्हणजे हार्मोनही लई वाढलं असणार?" तसं काही नसतं. खासबागेत धिप्पाड दिसणारा गडी दर वेळी कुस्ती मारतोच असं कुठंय! मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

प्राणी नैतिक समितीची मंजुरी हातात असेल तरच पुढचं वाचा. सगळ्या रॅट्सचं रक्त सकाळी ठरल्या वेळीच काढा, टीएसएच (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं, थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) दिवसभरात वरखाली होतं. जखमेला पोव्हिडोन आयोडीन लावू नका. ते अंगात शोषलं की थायरॉइडचं गणितच बिघडतं. सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर वर उरणारा पातळ भाग, लगेच छोट्या ट्यूबांत वाटून गोठवा. पंचगंगेला पाणी चढतं त्या दिवसांत आमच्याकडे वीज जाते, आणि मोठी ट्यूब परत परत वितळली की नमुना गेला.

हार्मोन मोजायच्या किटची ठेच मी स्वतः खाल्ली आहे. टी-४, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हार्मोन, माणसात आणि रॅटमध्ये एकच रेणू. टीएसएच मात्र प्रथिन, प्राण्यागणिक वेगळं. पहिल्या वर्षी मी माणसाचं टीएसएच किट वापरलं आणि ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये रॅटच्या एकाही नमुन्याला रंग चढला नाही, म्हणजे किटला टीएसएच ओळखताच आलं नाही. किट रॅटचंच मागवा.

आता आकडे. टी-४ वर आणि टीएसएच खाली असेल तर गाठ आपल्या मर्जीनं हार्मोन सोडतेय. रॅटमध्ये हे क्वचित. जास्त वेळा उलटं दिसतं, टी-४ खाली आणि टीएसएच वर. फिनोबार्बिटलसारखं औषध यकृतातले एन्झाइम वाढवतं, टी-४ भराभर शरीराबाहेर जातं, मग पिट्युटरी टीएसएचचा मारा करते आणि महिनोन्‌महिने तो सोसून ग्रंथीत गाठी येतात. रॅटमध्ये टी-४चं अर्धायुष्य (रक्तातलं निम्मं संपायला लागणारा वेळ) १२ ते २४ तास, माणसात ५ ते ७ दिवस. रॅटची ग्रंथी मुळातच घाईत असते, त्यामुळे तिच्या गाठीवरून माणसाबद्दल पटकन निष्कर्ष काढू नका.

दोन्ही आकडे खाली? वजनाची वही उघडा, रॅट उपाशी असेल. दोन्ही ठीक, तरी गाठ? म्हाताऱ्या रॅटमध्ये सी पेशींच्या गाठी आपोआप होतात. या पेशी थायरॉइडमध्येच असतात, पण कॅल्सिटोनिन हे वेगळं हार्मोन बनवतात, म्हणून स्लाइडला कॅल्सिटोनिनचा रंग देऊन बघा.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र ग्रंथीच्या डाव्या-उजव्यापैकी गाठ नसलेल्या बाजूवर. ग्रंथी श्वासनलिकेसकट काढून फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, नंतर सोडवा. ताजी ग्रंथी जेमतेम २० मिलिग्रॅमची, चिमट्यातच चिरडते. स्लाइडवर त्या बाजूच्या पेशी चपट्या आणि कोलॉइड (हार्मोनचा साठा असलेला चिकट द्रव) गच्च भरलेलं दिसलं, तर गाठच हार्मोन पुरवत होती आणि ही बाजू निवांत बसली होती. पेशी उंच, कोलॉइड आटलेलं, तर टीएसएच दोन्ही बाजूंना राबवत होतं. डावी-उजवीची खूण मात्र कॅसेटवर (नमुना ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीवर) आधीच पेन्सिलीनं करा.