घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड: डाउन सिंड्रोमच्या मुलाला बोलतं करताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे डाउन सिंड्रोमचं मूल उशिरा बोलायला लागलं की सल्ला ठरलेला: "दोन भाषांत गोंधळतंय, एकच धरा." शाळा कन्नड असली की मग मराठी सुटते. ती सोडू नका. डाउन सिंड्रोमची मुलं दोन भाषा शिकतात आणि दुसरीमुळे पहिली मागे पडत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. उलट आजी-आजोबांची भाषा बंद केली तर मुलाशी घरात बोलणारी माणसंच कमी होतात.

आधी कान बघा. या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, सर्दी झाली की पडद्यामागे पाणी साठतं. भांडं पडल्यावर मान वळवतं म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही. 'स', 'त' तरीही निसटतात. जन्मानंतर एकदा, मग दोन्ही कान नीट असल्याचं पक्कं होईपर्यंत दर ६ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी करा. तान्ह्या बाळाची बेरा चाचणी (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का, हे बघणारी) झोपेत होते. थायरॉईडची रक्ततपासणीही वर्षातून एकदा हवीच, कारण ते कमी पडल्यावर येणारी सुस्ती डाउन सिंड्रोमच्या नावावर खपून जाते.

ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं या मुलांच्या जास्त लक्षात राहतं. म्हणून वर्षाच्या आतच चार-पाच खुणा सुरू करा: पाणी, दूध, अजून, ये, संपलं. खूण करताना शब्दही म्हणायचाच. अंगठा ओठाला लावला की घरी 'पाणी', अंगणवाडीत 'नीरु'. खूण मात्र दोन्हीकडे तीच. यादी कागदावर काढून अंगणवाडी टीचरना द्या. खुणांनी बोलणं लांबत नाही, शब्द आला की बहुतेक मुलं खूण आपणहून सोडतात.

दुधाची वाटी हातात घ्या, खाली बसा, तुमचं तोंड त्याला दिसू द्या. "दूध" एवढंच म्हणा आणि मनात १० मोजेपर्यंत गप्प राहा. बहुतेक घरं इथेच चुकतात. मूल शब्द जुळवत असतं, तेवढ्यात आई, काकू, आजोबा तिघंही तेच विचारतात आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. "दू" आलं तरी वाटी लगेच द्या. "नीट म्हण" म्हणून अडवू नका; पूर्ण शब्द तुम्ही एकदा म्हणा, बस.

बोलणं लवकर यावं म्हणून वेखंड चाटवू नका, त्याने उलट्या होतात. शिट्ट्या, फुगे खेळायला ठीक. त्यांनी शब्द येत नाहीत.

स्पीच थेरपीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) चिठ्ठी घ्या, तिथे उपचार मोफत असतात. पहिल्याच दिवशी थेरपिस्टना सांगा, "घरी मराठी आहे, सरावाचे शब्द मराठीत द्या." यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्रही काढून ठेवा, ते देशभर चालतं, म्हणजे उपचाराला कोल्हापूरला जायचं ठरलं तरी तिथे वेगळं अपंगत्व प्रमाणपत्र काढावं लागत नाही.