इंटिरिअरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: आधी उजेड, मग रंग

शिक्षण संपवून नुकतीच इंटिरिअरच्या कामाला लागलेली मुलं घराचा विचार सोफ्यापासून सुरू करतात. मग भिंतीचा रंग, मग पडदे. दिव्यांचा विषय निघतो तो इलेक्ट्रिशियन दारात उभा राहिल्यावर. बरीच वर्षं हे काम केल्यावर मी क्रम असा धरते: माणसं कुठून चालणार आणि कुठे बसून काय करणार, तिथे उजेड कुठून येणार, आणि मग त्या उजेडात कोणता पृष्ठभाग शोभेल. यामागे कामाचंच कारण आहे. वायरिंगचे पाइप प्लास्टर आणि फॉल्स सीलिंगच्या आधी पडतात. त्यामुळे पलंग नेमका कुठे येणार हे तेव्हा ठरलेलं नसेल, तर उशाजवळचा दिवा आणि त्याचं बटण कायमचं चुकीच्या जागी जातं.

मांडणीसाठी रिकाम्या खोलीत फरशीवर मास्किंग टेप चिकटवून फर्निचरचे आकार आखा आणि त्यातून चालून बघा. काही मापं पाठच हवीत. येण्याजाण्याच्या मुख्य वाटेला ९० सेंमी. सोफा आणि टीपॉय यांच्यात ४० ते ४५. जेवणाचं टेबल साधारण ७५ उंच, खुर्चीची बैठक ४५, आणि प्रत्येक माणसाला टेबलाची कड ६० सेंमी तरी मिळायला हवी. दारं, कपाटं, ड्रॉवर ड्रॉइंगमध्ये उघडलेल्या स्थितीत काढा. मोठा सोफा ठरवण्याआधी जिना, लिफ्ट आणि घराचं दार मोजून घ्या. बाकी सवयीने जमतं.

उजेडावर मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण नवशिक्यांचं सगळ्यात कमी लक्ष तिथे असतं. सीलिंगमध्ये सारख्या अंतरावर ठिपक्यांसारखे दिवे बसवले की खोली उजळते, पण सगळीकडे सारखीच उजळते, आणि नजर कुठेच थांबत नाही. खोलीभरचा सौम्य उजेड, कामापुरता नेमका उजेड आणि एखाद्या चित्रावर किंवा भिंतीवर पाडलेला उजेड, अशा तिन्हींचा वेगवेगळा विचार करा आणि त्यांची बटणंही वेगळी ठेवा. स्वयंपाकघरात फक्त छताला दिवा असला की ओट्याशी उभ्या माणसाची सावली त्याच्याच हातांवर पडते. म्हणून वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेजवळ पट्टी दिवा हवा. आरशापाशी वरून पडणारा उजेड डोळ्यांखाली सावल्या पाडतो, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी आलेला उजेड चेहरा नीट दाखवतो. जेवणाच्या टेबलावरचा लटकता दिवा टेबलापासून ७५ ते ८५ सेंमी उंच ठेवला की समोरच्याचा चेहराही दिसतो आणि डोळ्यांवर तिरीपही येत नाही.

दिवा घेताना वॅट बघून थांबू नका. किती उजेड पडेल हे लुमेन सांगतं, उजेडाचा रंग केल्विन सांगतो. २७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर, निवांत असतो, ४००० चा तटस्थ आणि ६५०० चा निळसर पांढरा. बैठकीच्या आणि झोपायच्या खोलीत मी ३००० च्या वर जात नाही. एका नजरेत येणाऱ्या जागेत पिवळे आणि निळसर दिवे मिसळले, तर महागडं फर्निचरही विस्कळीत दिसतं. तिसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं मोजमाप. लाकूड, कापड आणि चित्रं जिथे आहेत तिथे ९० किंवा त्याहून जास्तच घ्या.

आता फिनिश, म्हणजे पृष्ठभागाचा रंग, चकाकी आणि पोत. दुकानात हुबेहूब जुळणारे पडद्याचं कापड आणि लॅमिनेट (प्लायवूडवर चिकटवायचा तयार, रंगीत थर) घरच्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात, कारण दोन रंग एका उजेडात जुळले म्हणून दुसऱ्यात जुळतीलच असं नाही. म्हणून नमुना घरी न्या, ठरवलेल्याच दिव्याखाली बघा, आणि सकाळी खिडकीच्या उजेडातही बघा. कपाटाच्या दाराचा नमुना उभा धरायचा, टेबलाचा आडवा. भिंतीचा रंग छोट्या चिठ्ठीवरून ठरवू नका. मोठ्या बोर्डावर लावून तो खोलीच्या प्रत्येक भिंतीशी नेऊन बघा, खिडकीसमोरची भिंत आणि खिडकीची भिंत दोन रंगांच्या वाटतात.

चकचकीत पृष्ठभागात दिवे जसेच्या तसे उमटतात, त्यामुळे टीव्हीसमोर आणि स्पॉटलाइटखाली मी तो टाळते. गडद मॅट लॅमिनेट सुंदर दिसतं, पण बोटांचे ठसे दाखवतं. रोज हात लागणाऱ्या दारांना ते देण्याआधी नमुन्यावर बोट टेकवून बघा. भिंतीला लागून वरून दिवा सोडायचा असेल, तर पुट्टीतला प्रत्येक उंचवटा दिसणार हे धरून चाला. शेवटचा हात मारण्याआधी रात्री टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा. लहरी लगेच दिसतात आणि पेंटरकडून घासून घेता येतात.

व्हीनरच्या, म्हणजे प्लायवूडवरच्या खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, बाबतीत थोडा हट्ट धरा. सगळे शीट एकाच लॉटमधले घ्या, जमिनीवर शेजारी शेजारी पसरून बघा आणि कोणता कुठे जाणार ते खडूने लिहा. तीन ड्रॉवरवरून लाकडाची रेषा सलग जायला हवी असेल, तर ते ड्रॉइंगमध्ये स्पष्ट दाखवा. शीट २४४० बाय १२२० मिमीचा असतो आणि सुतार तो साहजिकच कमी वाया जाईल असा कापणार. रेषेसाठी कापणं वेगळं असतं. ही गोष्ट वर्गात ऐकून कळत नाही. पहिली काही वर्षं सुतार आणि पॉलिशवाल्याच्या शेजारी उभं राहून प्रश्न विचारा. कोणती कड आधी चिकटवायची, कोपऱ्यात काळी रेघ का दिसते, हे ते हाताने दाखवतात.

काम सोपवताना घरमालकाच्या हातात एक फाइल द्या. त्यात प्रत्येक रंगाचा आणि लॅमिनेटचा कोड, लॉट क्रमांक, दिव्यांचे केल्विन आणि वॅट, आणि एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारे छोटे डबे) सीलिंगमध्ये कुठे बसवले आहेत त्याचा नकाशा असू द्या. ड्रायव्हर बऱ्याचदा दिव्याच्या आधी जातो. तिथवर हात पोहोचेल अशी झडप सीलिंग बंद व्हायच्या आधीच ठेवून घ्या.