साइटवरच्या माणसांना दुरून सुरक्षा-सूचना देण्यापूर्वी करावयाची तयारी

गेल्या जुलैमध्ये कर्नाटक-गोवा सीमेजवळच्या कणकुंबीच्या पुढे नव्या मोबाइल टॉवरच्या कामावर गेलेल्या आमच्या पाच जणांना मी बेळगावहून व्हिडिओ कॉलवर सुरक्षा-सूचना दिल्या. हेल्मेट, हार्नेस (उंचीवर काम करताना अंगाला बांधायचे सुरक्षा-पट्टे), वीज, खोदकाम असे सगळे विषय मी घेतले, पण अपघात झालाच तर फोन कोठून लावायचा आणि पत्ता काय सांगायचा, हे राहून गेले. चौथ्या दिवशी शिडीवरून पाय घसरून एकाच्या घोट्याचे हाड मोडले. साइटवर रेंज नव्हती. सोबतचा एक जण मोटारसायकलवरून रेंज शोधत चोर्ल्याच्या दिशेने गेला, तेथे मोबाइलने गोव्याकडचा टॉवर पकडला आणि १०८ चा फोन शेजारच्या राज्यातल्या केंद्रात लागला. पत्ता विचारल्यावर त्याने आमच्या कागदांवरचा साइट क्रमांक सांगितला, जो आमच्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हता. जखमी माणूस भर पावसात ताडपत्रीखाली अडीच तास पडून राहिला. ही चूक माझी होती, आणि ती कशी झाली हे मला नंतर उमगले. माझा कॉल त्यांनी जांबोटीच्या मुक्कामाच्या खोलीवर घेतला होता. दुरून सूचना देणारा ज्या जागेशी बोलतो तेथे रेंज असतेच, म्हणून कामाच्या जागी ती नाही हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

त्यामुळे आता तयारीची सुरुवात मी विषयांपासून न करता याच प्रश्नापासून करतो. सुपरवायझरने आदल्या दिवशी साइटवर उभे राहून प्रत्येक कंपनीच्या सिमवरून फोन लावून पाहावा, आणि रेंज नसेल तर ती ज्या जागी मिळते तेथपर्यंत चालत जाऊन किती मिनिटे लागतात ते मोजावे. त्या जागी दगडावर लाल रंगाची खूण करावी. सीमेलगत फोन कोणत्या राज्याचा टॉवर पकडेल याचा नेम नसतो. म्हणून १०८ किंवा ११२ लागताच पहिले वाक्य राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव यांचेच असले पाहिजे: ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका, अमुक गाव’, आणि त्यानंतर रस्त्यावरची ओळखीची खूण, म्हणजे देऊळ, पूल किंवा किलोमीटरचा दगड. मोबाइलमधील जीपीएसला रेंजची गरज नसते, म्हणून अक्षांश-रेखांशही काढून घ्यावेत. हे सारे एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये ठळक लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून साहित्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावे. साइट क्रमांक त्यावर लिहूच नये. घाबरलेला माणूस नेमका तोच वाचून दाखवतो.

भाषेची चौकशी आधी करावी. आपल्याकडच्या एका टोळीत मुकादम मराठी बोलणारा, दोघे कन्नड आणि उरलेले हिंदी समजणारे असे सर्रास असते, आणि ‘समजले का’ असे विचारल्यावर सगळे मिळून ‘होय’ म्हणतात. त्या होकारावर अजिबात विसंबू नये. प्रत्येकाला एकेक सूचना आपापल्या भाषेत परत सांगायला लावावी, आणि त्यातही रुग्णवाहिकेला पत्ता कसा सांगायचा हे प्रत्येकाकडून वदवून घ्यावे, एकट्या मुकादमाकडून नव्हे, कारण पडणारा माणूस मुकादमच असू शकतो.

हेल्मेट आणि बूट यांविषयी वेगळे सांगायला नको. हार्नेस मात्र कॅमेऱ्यासमोर घालून दाखवायला लावावा, आणि एक हूक सोडण्याआधी दुसरा अडकवला जातो की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पडलेला माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर पायांत रक्त साठून काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. त्याला खाली घेण्याचा दोर आणि तो वापरता येणारा दुसरा माणूस साइटवरच हवा. रुग्णवाहिकेची वाट पाहत त्याला लटकत ठेवता येत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय कोणीही आत उतरू नये. पावसाने भिजलेली माती ढासळण्यापूर्वी इशारा देत नाही. गडगडाट ऐकू येताच टॉवरवरून खाली यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर चढू नये. खानापूरच्या जंगलपट्ट्यात सर्पदंशाची भीती खरीच आहे. दंशाच्या वर करकचून बांधू नये, जखम चिरू नये, अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठावे. आणि प्रतिविष कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे हे काम सुरू होण्यापूर्वी फोन करून विचारून ठेवावे. त्या रुग्णालयाचा क्रमांकही त्याच पुठ्ठ्यावर लिहावा.

कॉल वीस मिनिटांहून लांबवू नये. दिवसभर राबून आलेली माणसे त्यापुढे ऐकत नाहीत. हजेरी, सह्या आणि प्रथमोपचार पेटीचा फोटो कॉल संपण्यापूर्वीच मागवून घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल खुणेच्या जागेवरून सुपरवायझरचा फोन येईपर्यंत कामाला परवानगी देऊ नये, मग वरून कोणीही कितीही घाई करो. पाऊस वाढला, जागा बदलली किंवा काम बदलले, तर सूचना पुन्हा द्याव्यात. मध्येच नवा माणूस आला तर बाकीचे विषय संध्याकाळी झाले तरी एक वेळ चालतील, पण त्याला आधी त्या लाल खुणेपर्यंत चालवत न्यावे आणि पुठ्ठ्यावरचा पत्ता त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा.