जलरंगाचे साहित्य टप्प्याटप्प्याने कसे सुधारावे

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या वेळी घेतलेली रंगांची पेटी, दोन-तीन ब्रश आणि ड्रॉइंगची वही एवढ्या साहित्यावर आपल्याकडे अनेक जण पुढे कित्येक वर्षे जलरंगाचा छंद जोपासतात. हात तयार होत जातो, आकाशाचा सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, कसा द्यायचा हे नीट समजलेले असते, आणि तरीही कागदावर पट्टे उमटतात, कडा नको तिथे वाळतात, दुसरा थर दिला की पहिला उखडून येतो. दोष हाताचा की साहित्याचा, हे अशा वेळी कळेनासे होते. साहित्य बदलण्याची खरी वेळ हीच असते. मात्र बदल कोणत्या क्रमाने करावा याचा विचार न केल्यास पैसा खर्च होतो आणि चित्र होते तसेच राहते.

माझ्या मते हा क्रम आधी कागद, मग ब्रश आणि शेवटी रंग असाच असावा. मी स्वतः उलट क्रमाने खर्च केला होता. चोवीस ट्यूबांचा महाग संच आधी घेतला आणि तो साध्या कार्ट्रिज कागदावर, म्हणजे ड्रॉइंगच्या साध्या कागदावर, वापरत राहिलो. रंग तेजस्वी होते, पण वॉश पूर्वीइतकेच डागाळत होते. पुढे एका स्नेह्याने पूर्ण कापसाच्या कागदाचा वहीच्या पानाएवढा तुकडा दिला, त्यावर जुन्याच शालेय पेटीतून आकाश रंगवले, आणि इतके दिवस अडत होते ते कुठे, हे त्या एका तुकड्याने दाखवून दिले.

पहिली पायरी: हाताशी असलेल्या साहित्याची परीक्षा

काहीही विकत घेण्यापूर्वी सध्याच्या कागदावर, ब्रशने आणि रंगांनी चार छोटे चौकोन रंगवावेत. पहिल्यात एकसारखा सपाट वॉश द्यावा, दुसऱ्यात गडदाकडून फिकटाकडे जाणारा वॉश द्यावा, तिसऱ्यात ओल्या कागदावर दुसरा रंग सोडावा आणि चौथ्यात वाळलेल्या थरावर दुसरा थर चढवावा. ओल्या कागदावर सोडलेला रंग पसरण्याआधीच कागद पाणी पिऊन टाकत असेल किंवा ब्रश दोनदा फिरवताच पृष्ठभागाचे बारीक गोळे निघत असतील, तर दोष कागदाचा आहे. अर्ध्या वॉशमध्येच पाणी संपून पुन्हा पुन्हा ब्रश बुडवावा लागत असेल, तर ब्रश अपुरा आहे. रंग भरपूर घेऊनही वाळल्यावर खडूसारखा निस्तेज दिसत असेल, तरच रंग बदलण्याचा विचार करावा. हे चौकोन तारीख घालून जपून ठेवावेत, कारण नवे साहित्य आल्यावर तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

दुसरी पायरी: कागद

जलरंगाच्या कागदाची निवड तीन गोष्टींवर ठरते: वजन, तंतू आणि खळ. वजन ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये, म्हणजे जीएसएममध्ये, छापलेले असते. ३०० जीएसएमपेक्षा हलका कागद भरपूर पाणी पडले की फुगून लाटांसारखा होतो आणि रंग त्याच्या खळग्यांत साचतो. तंतू लाकडाच्या लगद्याचे असतात किंवा कापसाचे असतात. कापसाचे तंतू लांब आणि चिवट असल्यामुळे असा कागद जास्त वेळ ओला राहतो, अनेक थर सोसतो आणि घासल्यावरही लवकर फाटत नाही. खळ, म्हणजेच चित्रकारांच्या बोलण्यातले सायझिंग, पाणी कागदात एकदम शिरू देत नाही. त्यामुळे रंग वरच्या वर राहतो आणि तेजस्वी दिसतो.

म्हणून पुढचा कागद घेताना ३०० जीएसएम आणि शंभर टक्के कापूस हे दोन्ही उल्लेख आहेत याची खात्री करावी. पृष्ठभाग तीन प्रकारचे मिळतात: गुळगुळीत हॉट प्रेस्ड, मध्यम दाण्याचा कोल्ड प्रेस्ड आणि ठळक दाण्याचा रफ. निसर्गचित्रे करणाऱ्याने कोल्ड प्रेस्डने सुरुवात करावी. आर्शेस, सॉन्डर्स वॉटरफर्ड किंवा फाब्रियानो या नावांचे कापसाचे कागद महाग वाटतात, परंतु पॅडऐवजी सुटा पूर्ण ताव घेतला तर खर्च आवाक्यात येतो. २२ बाय ३० इंचांच्या एका तावाचे, घडी घालून धारदार सुरीने कापल्यास, साडेसात बाय अकरा इंचांचे आठ तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याची मागची बाजूही सरावाला वापरता येते.

पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासून कार्यरत आहे आणि आपल्याकडे हातकागद सहज मिळतो. मात्र हातकागद म्हटला की तो जलरंगाला चालेलच असे नाही, कारण पत्रिका आणि लेखनासाठी केलेल्या कागदाला वेगळी खळ दिलेली असते. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. तो काही काळ तसाच फुगीर राहिला तर खळ चांगली आहे. लगेच पसरून काळपट डाग पडला तर तो कागद इतर कामासाठी ठेवावा.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात राहणाऱ्यांनी साठवणीकडे विशेष लक्ष द्यावे. पावसाळ्यातील दमट हवेने खळ खराब होते, आणि असा कागद वरून नवा दिसला तरी वॉश देताच टीपकागदासारखे ठिपके दाखवतो. ते कोणत्याही उपायाने जात नाहीत. लागेल तेवढाच कागद घ्यावा, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून आडवा ठेवावा, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये.

तिसरी पायरी: ब्रश

बारा ब्रशांच्या संचाऐवजी एकच चांगला मोठा गोल ब्रश घ्यावा. चांगल्या गोल ब्रशची पारख दोन गोष्टींनी होते: पोटात भरपूर पाणी राहणे आणि ओला असताना टोक सुईसारखे जुळणे. असा दहा किंवा बारा क्रमांकाचा ब्रश आकाशही रंगवतो आणि नारळाच्या झावळीची बारीक रेघही काढतो. क्रमांकांवर मात्र विसंबू नये, कारण एका कंपनीचा आठ क्रमांक दुसरीच्या दहाएवढा असू शकतो. शक्य असेल तर ब्रश प्रत्यक्ष पाहून घ्यावा.

दुकानात नव्या ब्रशचे टोक अगदी टोकदार दिसते, पण ते डिंकाने चिकटवलेले असते, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. दुकानदाराला विनंती करून वाटीभर पाणी मागावे, डिंक पूर्ण धुऊन काढावा, ब्रश पाण्याने भरून मनगटाने एक झटका द्यावा आणि टोक पाहावे. ते एकाच टोकात जुळले तर ब्रश घ्यावा; दोन फाटे पडले तर परत ठेवावा. त्यानंतर टोक बोटावर हलके वाकवून सोडावे आणि ते सरळ होते का ते पाहावे. केस ज्यात बसवलेले असतात ती धातूची नळी दांड्यावर हलत असेल, तर तो ब्रश घेऊ नये.

केसांविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. सायबेरियात आढळणाऱ्या कोलिन्स्की या लहान प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे ब्रश दीर्घकाळ सर्वोत्तम मानले गेले आहेत, आणि खारीच्या केसांचा मॉप ब्रश सर्वाधिक पाणी धरतो. परंतु आज उत्तम कृत्रिम केसांचे ब्रश हौशी चित्रकाराची गरज पूर्णपणे भागवतात, आणि माझा आग्रह त्यांनीच सुरुवात करण्याचा आहे. प्रिन्स्टन कंपनीचा नेपच्यून हा खारीच्या केसांसारखे वागणारा कृत्रिम ब्रश आहे, तर एस्कोडा कंपनीचा पेर्ला अधिक ताठ आणि टोकदार आहे. मुंगसाच्या केसांचा ब्रश मात्र कोणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुंगूस संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या मोहिमेत अशा ब्रशांसाठी अनेक राज्यांत छापे घातले होते. अशा ब्रशांसाठी प्राणी मारले जातात याचा विचार केला, तरी हा निर्णय कठीण राहत नाही.

मोठ्या गोल ब्रशला जोड म्हणून एक इंची चपटा ब्रश आणि तारा, डोलकाठ्या, फांद्या यांसाठी लांब केसांचा रिगर एवढे पुरे होते.

चौथी पायरी: रंग

शालेय रंगांत रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते, तर आर्टिस्ट दर्जाच्या रंगांत रंगद्रव्याचे प्रमाण बरेच अधिक असते. त्यामुळे वाटाण्याएवढ्या रंगात मोठा वॉश होतो. पूर्ण संच न घेता सहा सुट्या ट्यूब घ्याव्यात. ट्यूबवरचे नाव वाचून थांबू नये, बारीक अक्षरांतील रंगद्रव्याचा संकेत वाचावा. एकाच नावाच्या रंगात निरनिराळ्या कंपन्या निरनिराळी द्रव्ये घालतात, आणि नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ द्रव्याऐवजी पर्यायी द्रव्य वापरलेले असते. ज्या ट्यूबवर एकच संकेत आहे ती घ्यावी. तीन-चार द्रव्यांच्या तयार मिश्रणात आणखी दोन रंग मिसळले की चिखल होतो.

माझे सहा रंग, ट्यूबवरच्या संकेतांसह, असे आहेत: पीवाय १५४ हा पिवळा, पीवाय ४३ किंवा ४२ हा यलो ऑकर, पीव्ही १९ हा क्विनॅक्रिडोन रोझ, पीबी २९ हा अल्ट्रामरीन, पीबी १५:३ हा थॅलो ब्लू आणि पीबीआर ७ किंवा पीआर १०१ हा बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळल्यावर मिळणारे राखी रंग सह्याद्रीवरच्या पावसाळी ढगांना जसे लागतात तसे कोणत्याही तयार राखाडी ट्यूबमधून मिळत नाहीत, आणि बर्न्ट सिएनात थोडा गुलाबी घातला की ओल्या जांभ्या दगडाचा रंग येतो.

रंगाचा टिकाऊपणा पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. पारंपरिक ॲलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, मोहक असतो पण उजेडाने फिकट होतो. डच चित्रकार फान गॉगच्या १८८८ सालच्या शयनगृहाच्या चित्रातील भिंती मूळच्या जांभळ्या होत्या. त्यातला तांबडा उडून गेल्यामुळे आज त्या निळ्या दिसतात. आपल्या रंगांची परीक्षा घरी करता येते. कागदावर प्रत्येक रंगाचा पट्टा काढावा, तो उभा कापून एक भाग बंद वहीत ठेवावा, दुसरा मार्च ते मे या काळात उन्हाच्या खिडकीत लावावा आणि पावसाळ्यापूर्वी दोन्ही शेजारी धरून पाहावेत.

पाचवी पायरी: पॅलेट आणि बाकीच्या वस्तू

नव्या प्लॅस्टिक पॅलेटवर रंगाचे थेंब गोळा होऊन बसतात आणि मिश्रणाचा खरा रंग दिसत नाही. चिनी मातीची पांढरी बशी याहून चांगली, आणि ती बहुतेक घरांत असते. बोर्ड, मास्किंग टेप, पाण्याची दोन भांडी आणि जुने सुती फडके यांवर अधिक खर्च करण्याचे कारण नाही. पावसाळ्यात पॅलेट ओले असताना झाकण लावू नये, नाहीतर दोन-तीन दिवसांत रंगांवर बुरशी दिसू लागते.

ब्रशची निगा

ब्रश टोकावर उभा करून पाण्याच्या भांड्यात ठेवू नये, कारण केस वाकतात आणि पाणी नळीत शिरून दांड्याचे लाकूड फुगते. काम संपल्यावर तो थंड पाण्यात सौम्य साबणाने तळहातावर गोल फिरवत धुवावा, फेस पांढरा येईपर्यंत धुत राहावे, बोटांनी टोक जुळवावे आणि आडवा ठेवून वाळवावा. टोक जिभेने जुळवण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण कॅडमियम आणि कोबाल्टयुक्त रंग पोटात जाणे घातक आहे. रंग खरवडून मिसळणे, कागदाचा भाग कोरा राखण्यासाठी मास्किंगचा द्रव लावणे अशी कामे जुन्या शालेय ब्रशांकडेच ठेवावीत. मास्किंगचा द्रव केसांत वाळला तर नवा ब्रश एका दिवसात निकामी होतो.